तुरुंगातील 'मुलाखत'

कळंब-यवतमाळच्या टापूत राजकीय कारावास म्हटला की १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. त्या वर्षी १० जुलैस लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कारावास पत्करला. तत्कालीन तुरुंगकथांची घडण बहुधा एकच असते : पुरुष आत, आणि घर सांभाळणारी स्त्री बाहेर. तिने घर धरून ठेवले म्हणूनच त्याला परतण्यास ठिकाण उरले. पण हे इतके गृहीत धरले गेले की त्याची नोंद करण्याची गरज फारशी कोणास भासली नाही. स्त्रीच आत गेली म्हणजे या नात्यांचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

तुरुंगाच्या मराठीत आप्तांच्या भेटीस 'मुलाखत' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ भेट असाच आहे. बाहेर त्याला प्रश्नोत्तरांचा अर्थ चिकटला. आत मात्र जुना अर्थ टिकला, परवानगी, ठराविक वेळ आणि पहारा यांसह.

आणीबाणीत २६ जून १९७५ रोजी मधू दंडवते यांना बंगलोर येथे अटक झाली. पुढे प्रमिला दंडवते यांची रवानगी येरवड्यास झाली. पतिपत्नी दोन राज्यांतील दोन तुरुंगांत असताना नाते चालले ते मुख्यतः पत्रांवर. ही पत्रे अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. म्हणजे दांपत्याच्या संवादात तिसरा वाचक कायमचा येऊन बसला. येथे एक समता दिसते खरी. दोघेही बंदी, वाट पाहत घरी बसलेले कोणीच नाही. परंतु तिचा गौरव करताना जपून बोलावे. कारण त्यांचा मुलगा बाहेर होता आणि आईबाप दोघेही आत.

मृणाल गोरे यांची स्थिती याहून वेगळी. १९५८ साली त्यांना वैधव्य आले होते. मुलगी बाहेर होती. त्यांना काही काळ अकोल्याच्या तुरुंगात, कुष्ठरोगी बंदीच्या शेजारच्या कोठडीत ठेवण्यात आले. या कोठडीची चर्चा पुष्कळ झाली, अंतराची फारशी नाही. मुंबई-अकोला हा रेल्वेचा प्रवास सुमारे ५८० किलोमीटरचा. मुलाखतीचा हक्क कागदावर शाबूत ठेवून तो व्यवहारात पोकळ करण्यास एवढे अंतर पुरेसे होते. स्त्री-बंदींना शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक नियमांत आले ते २०१० साली.