फोनला तुमचं लोकेशन कसं कळतं? झीरो माइल आणि तीन वर्तुळांचं गणित

मॅप उघडला की निळा ठिपका थेट तुमच्या जागेवर येतो. यामागे निर्देशक भूमितीतलं वर्तुळाचं समीकरणच असतं. नागपूरचं उदाहरण घेऊन ते सोडवून बघूया.

सीताबर्डीजवळचा झीरो माइल हा आरंभबिंदू (०, ०) धरा. क्ष म्हणजे पूर्वेकडे किती किमी, य म्हणजे उत्तरेकडे किती किमी. आता तीन टॉवर आहेत असं समजू:

• अ (०, ०): फोनपासून ५ किमी
• ब (४, ०): फोनपासून ३ किमी
• क (०, ६): फोनपासून ५ किमी

एकट्या अ वरून फोन ५ किमी त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेतरी आहे, एवढंच कळतं. म्हणून तिन्ही समीकरणं लिहा:

क्ष² + य² = २५
(क्ष − ४)² + य² = ९
क्ष² + (य − ६)² = २५

स्टेप १: पहिल्यातून दुसरं वजा करा. वर्ग उडतात आणि साधी रेषा उरते: ८क्ष − १६ = १६, म्हणून क्ष = ४.

स्टेप २: ही किंमत पहिल्यात टाका. य² = ९, म्हणजे य = ३ किंवा −३. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, त्यामुळे उत्तर अजून पक्कं नाही.

स्टेप ३: पहिल्यातून तिसरं वजा करा. १२य − ३६ = ०, म्हणून य = ३.

फोन (४, ३) वर सापडला! परीक्षेतही हीच ट्रिक वापरा: आधी वजाबाकी, मग किंमत टाकणं.

खऱ्या जीपीएसमध्ये टॉवरच्या जागी सुमारे २०,२०० किमी उंचीवरचे उपग्रह असतात आणि वर्तुळाऐवजी गोल. सिग्नलला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं, म्हणून ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

इतवारी, महालच्या अरुंद गल्ल्यांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो. अंतर जास्त मोजलं जातं आणि ठिपका शेजारच्या गल्लीत सरकतो. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ म्हणजे चुकीचा अंदाज. ते मोठं दिसलं, तर मोकळ्या आकाशाखाली या आणि मगच कुणाला लोकेशन पाठवा.