नावामागचे धैर्य : आणंदच्या दुधाची कथा

एखाद्या वस्तूचे नाव लोकांच्या ओळखीचे होणे ही एक गोष्ट आणि ते नाव लोकांना आपले वाटू लागणे ही दुसरी. पहिली गोष्ट जाहिरातीवर पुरेसा पैसा खर्च केला की साधते. दुसरीसाठी काय लागते, याविषयी व्यवस्थापनशास्त्रावरील ग्रंथांत पुष्कळ लिहिले जाते. तथापि या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आपल्याच देशाच्या आर्थिक इतिहासात आहे, आणि ते प्रशासनात काम करणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे असे आहे. ते उदाहरण म्हणजे 'अमूल'. दिल्ली, इंदूर, बेंगळुरू वा कोलकाता, मराठी कुटुंब कोठेही स्थायिक झालेले असो, सकाळच्या पावाला लावायचे लोणी बहुधा याच नावाचे असते. ज्या खेडा जिल्ह्यात हे नाव जन्मले तो जिल्हा १९६० पर्यंत मुंबई राज्याचाच भाग होता, हेही येथे ध्यानात ठेवावे.

कथेचा आरंभ एका अन्यायकारक बाजारपेठेत होतो. पेस्तनजी एदलजी दलाल यांच्या 'पोल्सन' या व्यवसायाने १९३० च्या सुमारास आणंद येथे दुग्धालय उभारले. पोल्सनचे लोणी त्या काळी मुंबईत प्रतिष्ठेचे मानले जाई. १९४५ मध्ये मुंबई सरकारने शहरासाठी दूधपुरवठ्याची योजना आखली. खेड्याचे दूध सुमारे चारशे किलोमीटर रेल्वेने आणायचे ठरले आणि ते गोळा करण्याचा अधिकार पोल्सनच्या हाती गेला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर विकणारे हजारो आणि विकत घेणारा एकच, अशी ही स्थिती होती. दूध हा काही तासांत आंबू लागणारा माल. तो अडवून धरून भाव वाढवून मागण्याची सोय शेतकऱ्याला नसते. शहरात दुधाला चांगला भाव मिळत होता, पण त्यातला वाजवी वाटा गोठ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. सरदारांनी त्यांना स्वतःची सहकारी संस्था काढण्याचा सल्ला दिला. सरकारने तिचे दूध घेण्यास नकार दिल्यास कोणालाच दूध घालू नका, असेही सांगितले. मात्र त्याबरोबरच त्यात होणारे नुकसान सोसण्याची तयारी आहे काय, हेही त्यांनी विचारून घेतले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि त्यानंतर पंधरा दिवस दुधाचा संप चालला. ज्या घराचा रोजचा खर्च दुधावर चालतो त्या घराने पंधरा दिवस उत्पन्नावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे शहरी वाचकाने थोडे थांबून मनात आणावे. मुंबईची योजना कोलमडण्याच्या बेतास आली, दूध आयुक्त आणंदला आले आणि मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल.

या इतिहासातले पहिले धैर्य अशा रीतीने नाव नसलेल्या शेतकऱ्यांचे आहे. पुढे जे नेतृत्व उभे राहिले त्याची उंची त्या पंधरा दिवसांच्या मापानेच मोजली पाहिजे.

१९४९ च्या मे महिन्यात वर्गीस कुरियन नावाचा सत्तावीस वर्षांचा अभियंता आणंदला आला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्यामुळे तो सेवेच्या करारात अडकला होता आणि येथील सरकारी दुग्धशाळेतून केव्हा एकदा सुटका होते याची वाट पाहत होता. सुटका झाली खरी, परंतु त्रिभुवनदासांच्या आग्रहावरून तो संघाची यंत्रे लावून देण्यासाठी थांबला आणि पुढे आयुष्यभर आणंदमध्येच राहिला. कोळिकोडला जन्मलेला मल्याळी ख्रिस्ती तरुण, स्वतःला दूध न आवडणारा. आणि त्याच्यावर पाटीदार शेतकऱ्यांच्या संघाचा कारभार सोपवणारे त्रिभुवनदास. बाहेरच्या माणसावर असा विश्वास टाकणे हेही नेतृत्वाच्या धैर्यातच मोडते. कुरियन यांच्या तेजापुढे त्रिभुवनदासांचे हे मोठेपण पुष्कळदा झाकले जाते.

संघाने सभासदांना दिलेले वचन साधे आणि भयंकर होते : तुम्ही जेवढे दूध आणाल तेवढे आम्ही घेऊ. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक दूध देतात. मुंबईला मात्र बाराही महिने सारखेच दूध हवे. मग हिवाळ्यातील जादा दुधाचे करायचे काय? कोणताही सावध व्यवस्थापक म्हणाला असता की हिवाळ्यात खरेदीवर मर्यादा घालू. संघाने तसे केले नाही आणि त्यामुळे दुधाची भुकटी करण्यावाचून मार्ग उरला नाही. गायीच्या दुधाची भुकटी जगात होत होती. म्हशीच्या दुधाची होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या दुग्धालयाचे उद्घाटन झाले. 'अमूल्य' या संस्कृत शब्दाशी नाते सांगणारे 'अमूल' हे नाव याच काळातले. तंत्रज्ञानातील हा पराक्रम विक्रीसाठी झालेला नव्हता. शेतकऱ्याला दिलेला शब्द मोडायचा नाही, या निश्चयातून तो झाला होता.

बाजारात मात्र अमूलच्या लोण्याला सुरुवातीस मान मिळाला नाही. पोल्सनचे लोणी मुरलेल्या, आंबूस साईचे, खारट आणि पिवळे असे. लोकांच्या जिभेला तीच चव ठाऊक. अमूलचे ताज्या साईचे पांढरे लोणी त्यांना बेचव वाटले. शेवटी मीठ आणि रंग घालून लोणी लोकांच्या पसंतीस उतरवावे लागले. धैर्य आणि हट्ट यांतील भेद येथे दिसतो. शेतकऱ्याला दिलेल्या वचनावर जे नेतृत्व तसूभर हलले नाही, ते ग्राहकाच्या चवीपुढे निमूटपणे वाकले. कोठे अडायचे आणि कोठे वाकायचे याचा विवेक नसेल तर धैर्य नुसता अहंकार होतो.

१९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातली ती मुलगी निर्माण केली. तिची फलके प्रथम मुंबईच्या रस्त्यांवर झळकली. कुरियन यांनी जाहिरात संस्थेला दिलेली मोकळीक सरकारी माणसाला आजही चकित करील : ताज्या घडामोडींवरील फलक मंजुरीसाठी त्यांच्याकडे पाठवायची गरज नव्हती. फाइल खालून वर आणि वरून खाली जाईपर्यंत विनोद शिळा होतो, हे त्यांनी ओळखले होते. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, परिचारिकेच्या वेशातील ती मुलगी हातात लोण्याचे तबक घेऊन सक्तीच्या नसबंदीवर श्लेष करताना फलकावर दिसली. निर्जंतुकीकरण आणि नसबंदी या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द आहे, त्याचा तो खेळ होता. वृत्तपत्रे ज्या विषयावर जपून लिहीत होती त्यावर लोण्याची जाहिरात बोलली. अशा फलकांवर आक्षेप आले तर जबाबदारी वरच्या माणसाने घ्यायची, हा अलिखित करार होता. लोकांना ती मुलगी आपलीशी वाटली, कारण ती त्यांच्या मनातले बोलत होती. आणि ती बोलू शकली, कारण तिच्या मागे कोणीतरी उभे होते.

दरम्यान ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला आले. आदल्या रात्री त्यांनी एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला आणि गावकऱ्यांशी गप्पा मारल्या. देशात इतर ठिकाणच्या सरकारी दुग्धशाळा तोट्यात असताना ही कशी चालते, हा त्यांचा प्रश्न होता. ही शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, हे उत्तर त्यांना मिळाले. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय दिल्लीत न राहता आणंदला असावे, हा कुरियन यांचा आग्रह शास्त्रीजींनी मानला. मंडळाचे वेतन कुरियन यांनी घेतले नाही. त्यांची चाकरी शेतकऱ्यांच्या संघाचीच राहिली. सत्तेजवळ जाण्याची संधी असताना तिच्यापासून अंतर राखणे किती अवघड असते, हे या क्षेत्रात वावरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. युरोपातील अतिरिक्त दूध-भुकटी व लोणीतेल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत देणगीदाखल आले. ते फुकट वाटले असते तर देशी दुधाचा भाव कोसळला असता. त्यापासून केलेले दूध रास्त भावाने विकून आलेला पैसा गावोगावच्या सहकारी संस्था उभारण्यात घातला गेला. या योजनेवर कठोर टीकाही झाली. १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांच्या लेखाने मोठा वाद उठला आणि सरकारला लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमावी लागली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कार्यास अशी तपासणी आवश्यकच असते. १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला, ही त्या प्रवासाची एक परिणती.

मला स्वतःला या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो तो १९७३ चा निर्णय. गुजरातच्या जिल्हासंघांनी एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ स्थापन केला आणि खेड्याच्या शेतकऱ्यांनी सत्तावीस वर्षांत कमावलेले नाव इतर जिल्ह्यांच्या दुधालाही वापरू दिले. दुसऱ्या जिल्ह्याच्या एका खराब डब्याने आपली पत जाऊ शकते, हे माहीत असूनही. नाव वाटल्याने ते घटले नाही; वाढले.

आणि १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाचा खर्च उचलला. पटकथा विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकांत स्मिता पाटील; म्हणजे मराठी माणसाचा हातभार येथेही आहे. आपला पैसा घातलेला चित्रपट पाहायला शेतकरी ट्रकांतून, बैलगाड्यांतून शहरात आले. चाहते म्हणतात ते यांना. ते एकाच वेळी मालक, उत्पादक आणि प्रेक्षक होते.

येथे मुंबईच्या 'आरे'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४९ मध्ये आयुक्त दारा खुरोडी यांनी शहरातील गोठे हलवून आरे वसाहत उभी केली. ते काम धाडसाचेच होते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास आणि कुरियन या तिघांना एकत्रच मिळाला. काचेच्या बाटलीतले आरेचे दूध हा मुंबईकरांच्या एका पिढीचा जिव्हाळ्याचा विषय होता. आज मात्र आरे म्हटले की दुधाआधी जंगल आणि मेट्रोच्या कारशेडचा वाद आठवतो. दोन्ही ठिकाणी कर्तबगार माणसे होती. फरक असा की आरे ही सरकारची योजना होती आणि अमूल ही त्यात दूध घालणाऱ्यांची मालमत्ता. अधिकाऱ्याची बदली होते, मालकाची होत नाही.

कुरियन यांनाही हे भोगावे लागले. २००६ मध्ये सदस्यसंघांशी मतभेद होऊन त्यांनी महासंघाचे अध्यक्षपद सोडले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्याच प्रतिनिधींनी दुरावावे, ही शोकांतिका खरी; परंतु त्यातच त्यांच्या कामाचे यशही आहे. मालकी शेतकऱ्यांची, असे ते पन्नास वर्षे सांगत होते. मालकांनी एके दिवशी ती खरोखर वापरली. आणि त्यानंतर लोण्याची एक वडीही कमी खपली नाही, उलट नाव वाढतच गेले.

धाडसी नेतृत्वाने चाहते मिळतात, हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे. आपण आपल्या योजनांना आकर्षक नावे देतो, बोधचिन्हे ठरवतो, फलकांवर छायाचित्रे लावतो आणि मग लोकांना त्या आपल्या का वाटत नाहीत म्हणून खेद करतो. आणंदचा अनुभव सांगतो की परत फिरता येणार नाही असे वचन सर्वांत दुबळ्या माणसाला आधी द्यावे लागते, ते पाळण्यासाठी लागेल ती यंत्रणा नंतर उभी राहते. हिवाळ्याच्या पहाटे कासंडी घेऊन आलेल्या बाईला 'आज दूध नको' असे सांगायचे नाही, एवढा एकच नियम. लोण्यावरचे ते नाव त्यावर उभे आहे.