सांगली-सातारा : हिंसेची नोंद कोण ठेवतं?

समुदाय संशोधक म्हणजे वस्तीतला अनुभव नोंदवून तो हक्काच्या लढ्याला जोडणारा कार्यकर्ता. स्त्रियांवरील हिंसेच्या कामात सांगली-सातारा भागाने याची दोन ठळक उदाहरणे दिली आहेत.

सांगलीत १९९२ मध्ये मीना सेषू यांनी ‘संग्राम’ संस्था स्थापन केली. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून वेश्याव्यवसायातील महिला संघटित झाल्या आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ‘संग्राम’ने २०१८ मध्ये पोलिसी धाडींवर अहवाल काढला. ‘सुटका’ झालेल्या अनेक सज्ञान महिलांनी सुटका मागितलीच नव्हती, हे त्यांच्याच तोंडून पुढे आले.

साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने गरोदर महिलांच्या मदतीने बेकायदा गर्भलिंग निदान करणारी केंद्रे उघडकीस आणली. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

दोन्हीकडे बाया केवळ ‘माहिती देणाऱ्या’ राहिल्या नाहीत. आपल्या वस्तीत काम करताना तरुणांनी हे पाळावे : पीडितेची संमती घ्या, नाव गुप्त ठेवा, आणि लिंगाबरोबर जातही नोंदवा. जात सुटली, तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधारही हातून निसटू शकतो.