पीटभूमी व वनमृदा, उत्तरेकडील : हरितगृह वायूंचे उत्सर्जन

कॅनडा, स्कॅन्डिनेव्हिया, फिनलंड आणि रशिया या थंड पट्ट्यातील सूचिपर्णी वनांच्या (तैगा) व पीटभूमींच्या मातीतून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू हवेत जातात. पीट म्हणजे पाण्याखाली राहून अर्धवट कुजलेले वनस्पतींचे अवशेष. स्फॅग्नम शेवाळाचा हा थर वर्षाला सरासरी जेमतेम एक मिलिमीटर चढतो. पीटभूमी जगाच्या भूभागापैकी फक्त सुमारे ३ टक्के आहे, पण तिच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातील कार्बनहून अधिक भरतो.

कोणता वायू निघणार हे मुख्यतः पाण्याच्या पातळीवर ठरते. पाणी वर असले की प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या पोकळ देठांतून तो थेट बाहेर येतो. पाणी खाली गेले की मिथेन घटतो. मात्र हवा लागलेले पीट कुजून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सुपीक पीटातून नायट्रस ऑक्साइडही. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट, तर नायट्रस ऑक्साइडची २७३ पट धरतात. कोरड्या वनमृदेतले जीवाणू उलट हवेतला मिथेन खातात. तैगाचा हा उपकार सहसा मोजणीबाहेर राहतो.

मानवी हस्तक्षेपाचे सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडचे. तेथील भूभागाचा सुमारे एक तृतीयांश मुळात पीटभूमी होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लाकूड वाढावे म्हणून, त्यातील निम्म्याच्या आसपास क्षेत्रात चर खणून पाणी काढले गेले. झाडे वाढलीही, पण सुपीक पीट त्यांच्या मुळाशी झिजत राहिले. दक्षिण फिनलंडमधील लेट्टोसुओ येथे २०१६ मध्ये एका भागात सरसकट तोड, तर दुसऱ्या भागात निवडक तोड करून पाहण्यात आली. सरसकट तोडीनंतर कार्बन डायऑक्साइड व नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटले. निवडक तोडीत फरक किरकोळ राहिला. देशाच्या अधिकृत मोजणीत २०२१ साली जमीन-वापर क्षेत्र शोषक न राहता उत्सर्जक ठरले. वाढलेली तोड, मंदावलेली वाढ आणि पीटमृदेचे उत्सर्जन ही त्याची कारणे. २०३५ पर्यंत कार्बन-समतोल साधण्याचे उद्दिष्ट कायद्यात लिहिणाऱ्या देशासाठी ही गंभीर बाब आहे.

चर बुजवून पाणी पुन्हा वर आणता येते. तसे केल्यावर मिथेन वाढतो. तो हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके राहतो. म्हणून सुपीक व शेतीखालच्या पीटावर हा उपाय निश्चित हिताचा आहे. निकस पीटावरील वनांत माती कधी कधी कार्बन साठवत असल्याने तेथे लाभ वादग्रस्त आहे. जुने चर उकरून खोल करण्याला मात्र सुपीक पीटावर आता समर्थन उरलेले नाही.