हीटर नावाची जादा सोय

मी यवतमाळचा. आमच्याकडे मार्च लागला की घरोघरी कूलर उघडतात. ताट्या बदला, पंप साफ करा, मोटरला तेल द्या. हे काम मला शाळेपासून येतं आणि ते कामी आलं थेट इंग्लंडमध्ये.

प्रोजेक्टसाठी तिकडे होतो. मावसभावाने जुनी एमजीबी घेतली होती. ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनली, ५ लाखांहून जास्त. दादा म्हणाला, "हीटर पायाशी गळतोय रे, खोलू या."

कूलंट काढलं, पाण्याचे पाइप सोडले, केबल सुटी केली, स्क्रू काढले. डबा मात्र तासभर हलेना! आत एक छोटा रेडिएटर, एक पंखा आणि भुगा झालेला फोम. इंजिनचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यातून हवा ढकलतो. म्हणजे आपला कूलरच, पण उलटा! रेडिएटर बदलला, नवा फोम चिकटवला, मोटर साफ केली.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या एमजीबीत हीटर जादा पैसे मोजले तरच मिळायचा. तोही इतक्या थंड देशात! काच आतून धुरकटली की समोरचं दिसत नाही, तरी हीटर म्हणजे चैन. पुढे तो गाडीसोबतच येऊ लागला.

हसू नका. आमच्या घरीही कूलर चैनच होता. आजीच्या खोलीत तो सगळ्यात शेवटी आला. तिने कधी मागितला नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.