दुभाष्याचे यश
संगणकावरील खेळांचे राज्य विंडोजकडे कसे गेले, हे आपण प्रथम पाहू. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये 'डायरेक्टएक्स' ही साधने खेळ रचणाऱ्यांच्या हाती दिली. ग्राहक तेथे होते म्हणून खेळ तेथे गेले, आणि खेळ होते म्हणून ग्राहक तेथेच राहिले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत आरंभलेल्या, सर्वांस मुक्त असलेल्या लिनक्सला हे चक्र भेदता येईना. १९९८ मध्ये निघालेल्या 'लोकी' या अमेरिकन कंपनीने एकेक खेळ लिनक्सवर आणून पाहिला; २००२ मध्ये ती बंद पडली.

मग यश आले ते दुभाष्याकडून. १९९३ पासून चालत आलेला 'वाइन' हा प्रकल्प विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञा लिनक्सला समजतील अशा करून देतो. त्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये 'प्रोटॉन' उभारले आणि २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे लिनक्सचे यंत्र विक्रीस आणले. विंडोजचे हजारो खेळ त्यावर चालू लागले.

परंतु दुभाषा दारापर्यंत नेतो. दार उघडणे घरधन्याच्या मर्जीवर असते. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडणारी पहारेकरी आज्ञावली असते. तिच्या मालकांनी नकार दिला की उपाय खुंटतो. 'एपेक्स लेजंड्स'ने २०२४ मध्ये लिनक्सला दिलेला प्रवेश काढून घेतला, तो याच कारणाने. लिनक्सने मोठा पल्ला गाठला, यात शंका नाही. मात्र जोवर खेळ विंडोजसाठीच रचले जातात, तोवर हे स्वातंत्र्य उसने आहे, असे आम्हांस वाटते.