तरंगमबाडी (ट्रांकेबार)

तमिळनाडू राज्यातील कोरोमंडल किनाऱ्यावरचे एक लहान गाव; डॅनिश सत्तेचे भारतातील प्रमुख ठाणे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कारैकलच्या उत्तरेस वसलेले. पूर्वी नागपट्टिणम जिल्ह्यात असलेले हे गाव २०२० पासून नव्या मायिलादुतुरै जिल्ह्यात मोडते. ट्रांकेबार हे युरोपीय कागदपत्रांतील नाव. मासेमारी हा मुख्य व्यवसाय.

इतिहास : गाव डॅनिशांच्या आधीचे आहे. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथर मंदिर पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळी, चौदाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. त्याचा समुद्राकडील बराच भाग लाटांनी गिळला आहे. डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन याच्या सनदेने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिचे जहाजी पथक घेऊन आलेल्या ओव्हे गेडे याने १६२० मध्ये तंजावरचा नायक राजा रघुनाथ याच्याशी करार करून हे बंदर वार्षिक खंडणीवर मिळवले. त्या वेळचे सोन्याच्या पत्र्यावरील तमिळ पत्र कोपनहेगनमध्ये जतन केलेले आहे. १६७५–७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतल्यावर डॅनिशांना खंडणीसाठी मराठी दरबाराशी व्यवहार करावा लागला. हे संबंध नेहमीच सलोख्याचे नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या फौजेने गावाला वेढाही घातला होता. त्याची कारणे दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली जातात.

व्यापारात डॅनिशांना डच व इंग्रजांच्या तोडीचे यश कधीच लाभले नाही. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्रजांनी ठाणे दोनदा ताब्यात घेतले. १८४५ मध्ये ट्रांकेबार व बंगालमधील सेरामपूर (श्रीरामपूर) ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकण्यात आली. पुढे काही वर्षे तंजावर जिल्ह्याची कचेरी येथे होती; ती तंजावरला गेल्यावर आणि रेल्वेमुळे नागपट्टिणमचे बंदर वाढल्यावर गाव मागे पडले.

मुद्रण : ट्रांकेबारचे खरे महत्त्व व्यापारात नसून छापखान्यात आहे. डॅनिश राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमाउस त्सीगनबाल्ग व हाइन्रिख प्लूचाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरले. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ येथून धरतात. त्सीगनबाल्गने स्थानिक पंतोजीकडून तमिळ शिकून ताडपत्रावरील पोथ्या जमवल्या व त्यांची यादी केली. डॅनिश कमांडंटशी बिनसल्यामुळे त्याला काही महिने डान्सबोर्ग किल्ल्यात कैदेतही राहावे लागले. लंडनच्या एका धर्मप्रसारक संस्थेने पाठवलेले छापयंत्र १७१२ मध्ये हिंदुस्थानात पोहोचले. त्यासोबत निघालेला मुद्रक मात्र वाटेतच वारला. आधी पोर्तुगीज मजकूर छापला गेला. तमिळ खिळे जर्मनीतील हाल्ले येथे ओतून आणले, पण ते आकाराने इतके मोठे निघाले की नवा करार छापायला कागद पुरेना. तेव्हा गावातच लहान खिळे पाडण्यात आले. त्यासाठीचे शिसे इंग्लंडहून आलेल्या चेशायर चीजच्या वेष्टनांचे होते, असे बहुतेक लेखक सांगतात. शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये १७१४ मध्ये, संपूर्ण नवा करार १७१५ मध्ये छापून झाला. शेजारच्या पोरैयार येथे कागदाचा कारखानाही काढला होता. तो फार काळ चालला नाही.

या छापखान्याला तमिळ मुद्रणाचा आरंभ म्हणण्याची चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. पोर्तुगीज आमदानीत कोल्लम येथे १५७८ मध्येच तमिळ पुस्तक छापले गेले होते आणि गोव्यात यंत्र १५५६ मध्ये आले होते. ते काम पुढे खंडित झाले, ट्रांकेबारचे टिकले. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. त्सीगनबाल्गचा दक्षिणेतील देवदेवतांवरील ग्रंथ त्याच्या वरिष्ठांनी छापू दिला नाही. मूर्तिपूजा उखडायला पाठवलेल्या माणसाने तिचे वर्णन युरोपात पसरवू नये, असे हाल्ले येथील या वरिष्ठांचे मत पडले. तो ग्रंथ १८६७ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाला.

मराठीशी डॅनिश ठाण्यांचा संबंध दोन वाटांनी येतो. १७५० मध्ये ट्रांकेबारच्या मिशनसाठी आलेला श्वार्ट्झ पुढे तंजावरला स्थायिक झाला आणि तेथील भोसले राजे तुळजाजी यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा पालक व शिक्षक बनला. सरफोजींनी पुढे तंजावरात देवनागरी छापखाना घातला; त्यातील ‘बालबोधमुक्तावली’चे साल सामान्यतः १८०६ देतात. त्यामागे श्वार्ट्झच्या शिकवणीचा किती वाटा, यावर एकमत नाही. दुसरी वाट सेरामपूरची. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसल्याने विल्यम केरी याने डॅनिश ठाण्याचा आश्रय घेतला. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांसह, तर कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत तेथे छापला गेला. म्हणजे मराठी मुद्रणाचा हा पाया डॅनिश निशाणाखाली घातला गेला, ही गोष्ट आपल्याकडील मुद्रणेतिहासांत ओझरतीच येते.

निसर्गशास्त्र : मिशनशी संबंधित क्योनिग, रॉटलर इत्यादींनी वनस्पतींचे नमुने गोळा केले.

प्रेक्षणीय स्थळे : डॅनिश राजचिन्ह असलेल्या वेशीतून (१७९२) राजरस्त्याने सरळ समुद्राकडे जाता येते. डाव्या-उजव्या हातांना झायन चर्च (१७०१) व न्यू जेरुसलेम चर्च (१७१८) लागतात. दुसऱ्याची रचना क्रूसाकार असून दर्शनी भागावर फ्रेडरिकची मुद्रा व मुकुट आहे. १७१९ मध्ये वारलेल्या त्सीगनबाल्गची कबर आत वेदीपुढे आहे. रस्त्याच्या शेवटी डान्सबोर्ग किल्ला. खालच्या मजल्यावर कोठारे व तुरुंग, वर अधिकाऱ्यांची निवासस्थाने अशी त्याची मांडणी होती. किल्ला राज्य पुरातत्त्व खात्याकडे असून आत लहानसे संग्रहालय आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कोळीवस्तीची मोठी हानी झाली. एकविसाव्या शतकात डॅनिश संस्था व इन्टॅक ही वारसा-संवर्धन संस्था यांनी काही इमारतींची दुरुस्ती केली. तीत चर्च, बंगले व किल्ला यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे कोळीवाड्याला व मुसलमान व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांना मिळाले नाही. पाहणाऱ्याने मासिलामणिनाथर मंदिरही वगळू नये. अर्ध्या दिवसात गाव पाहून होते.

गावाला येणारा मीटरगेज फाटा १९८० च्या दशकात बंद झाला. आता मायिलादुतुरै स्थानकावर उतरून बसने जावे लागते.